घरी बांधलेला चक्क्याचा कोल्ड बॉक्स: दिवाळी ते श्रावण वापरल्यानंतर व्हॉल्व्ह आणि गॅसबद्दल

श्रीखंडाच्या ऑर्डरींसाठी बांधलेला हा बॉक्स दिवाळीपासून सलग चालू आहे. चक्का ४ अंशांच्या आसपास राहावा, एवढंच त्याचं काम. पाडव्याची गर्दी आणि पुण्यातला चाळिशीचा उन्हाळा दोन्ही काढून झाले, म्हणून आता खात्रीने लिहिते.

गॅस निवडण्याआधी कॉम्प्रेसरची प्लेट वाचा. माझा जुन्या फ्रीजमधला, आर-१३४ए या थंडाव्याच्या गॅसचा, म्हणून तोच गॅस भरला. "आर-६००ए भरा, वीज वाचेल" असं बरेच जण सुचवतात. पण आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, आणि त्याची वाफ विरळ असते. तेवढ्याच कूलिंगला जवळजवळ दुप्पट वाफ ओढावी लागते, म्हणून त्याचे कॉम्प्रेसर मुळात मोठ्या सिलिंडरचे असतात. शिवाय तो पेट घेतो. उणे १५ अंशांना त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, त्यामुळे बारीक लीक असेल तर हवा आणि ओलच आत शिरते.

व्हॉल्व्हबद्दल माझं मत ठाम आहे: एवढ्याशा यंत्रणेत कॅपिलरीच, म्हणजे गॅसचा दाब उतरवणारी केसासारखी बारीक नळी. तेच काम करणारा, तापमान बघून कमीजास्त उघडणारा थर्मोस्टॅटिक एक्स्पान्शन व्हॉल्व्ह उन्हाळा-पावसाळ्याचा फरक सांभाळून घेतो, हे खरं. पण कॉम्प्रेसर थांबला की तो मिटतो, दोन्हीकडचे दाब समान होत नाहीत, आणि फ्रीजच्या कॉम्प्रेसरला त्या दाबावर उठायची ताकद नसते. ओव्हरलोड (कॉम्प्रेसरची मोटर वाचवणारा स्विच) पुन्हा पुन्हा ट्रिप होतो. कॅपिलरीतून दाब काही मिनिटांत आपोआप जुळतात. आमच्याकडे लाइट जाऊन लगेच परत येते, तेव्हा तेवढीही उसंत मिळत नाही, म्हणून उशिरा चालू करणारा टायमर लावलाय. एप्रिलच्या दुपारी कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेईना. कंडेन्सरवर (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) मोठा पंखा बसवल्यावर कॉम्प्रेसर पुन्हा वेळेवर कट होऊ लागला.

गॅस भरायच्या (चार्जिंगच्या) पिन व्हॉल्व्हवर मात्र कायमचा भरवसा नको. पिनच्या रबरातून गॅस झिरपतो, आणि अशा छोट्या यंत्रणेत थोडे ग्रॅम गेले तरी थंडी उतरते. मेकॅनिककडून वजनावर गॅस भरून घेतला, चार्जिंग ट्यूब पिंच करून (चिमटून) तोंड ब्रेझ केलं, म्हणजे धातू वितळवून बंद केलं. नळ्या जोडायचा, पेचाचा फ्लेअर नट एकही ठेवला नाही.

गॅस भरण्याआधी पंपाने आतली हवा आणि ओल काढताना, म्हणजे व्हॅक्यूम मारताना, गेजचा काटा ३० इंचांवर जात नाही म्हणून पंपाला दोष देऊ नका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. इथे पूर्ण व्हॅक्यूमलाही काटा २८ च्या आसपासच थांबतो. अगदी बारीक व्हॅक्यूम मोजणारा मायक्रॉन गेज लावा, ५०० मायक्रॉनच्या खाली आणा, मग पंप वेगळा करून आकडा चढतोय का ते बघा. आर-१३४ए सोबत कॉम्प्रेसरमध्ये असणारं पीओई ऑइल ओल झपाट्याने शोषतं, त्यामुळे इथे घाई केली तर ड्रायर (ओल टिपणारा फिल्टर) नवा असूनही कॅपिलरीच्या तोंडाशी बर्फ धरतो.

पुढचा बॉक्स दह्यासाठी. त्याला आयसोब्युटेनचाच कॉम्प्रेसर घेणार आहे, आणि थर्मोस्टॅट, दिव्याचं बटण दोन्ही बॉक्सच्या बाहेर, ठिणगी आत पडायला नको म्हणून.