पाटीसाठी अक्षर निवडताना: यात्रा वन की जैनी?

‘जुन्या पाट्यांसारखं अक्षर हवंय’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कुठल्या जुन्या पाटीसारखं? रेल्वे स्टेशनच्या, किराणा दुकानाच्या, की पोथीच्या पानासारखं? पाटी पेंटर रंगवतो चपट्या ब्रशनं आणि ऑइलपेंटनं. पोथी लिहिली जायची बोरूनं आणि शाईनं. हत्यार बदललं की अक्षराचं अंग बदलतं, आणि त्या अक्षरावरून बनवलेल्या फॉन्टमध्येही ते उतरतं. म्हणून फॉन्ट निवडताना तो किती ‘जुना दिसतो’ हे बघू नका. मूळ अक्षर कशानं लिहिलं होतं आणि किती अंतरावरून वाचायचं होतं, ते बघा.

गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळणारे दोन देवनागरी फॉन्ट यासाठी शेजारी ठेवण्यासारखे आहेत. दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, म्हणजे दुकानाची पाटी, पाकीट, पुस्तक, कशावरही बिनधास्त वापरता येतात.

यात्रा वन हा कॅथरिन ली श्मिट यांचा फॉन्ट. मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून तो सुचला. त्या पाट्या आठवून बघा. गाडी अजून थांबलेली नाही, दारात गर्दी आहे आणि खांद्यांच्या फटीतून जेवढी पाटी दिसेल तेवढ्यावर स्टेशन ओळखायचं आहे. तिथे नाजूक अक्षराचा उपयोग नाही. जाड दंड, मोकळी पोटं, ठाम शिरोरेषा हवी. यात्रा वनमध्ये हा ठामपणा आहे, आणि तरीही तो पट्टीनं आखल्यासारखा वाटत नाही. रेघेच्या जाडीत ब्रशचा कल जाणवतो.

या फॉन्टची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट त्याच्या रोमन अक्षरांत आहे. देवनागरीची लेखणी रोमनच्या उलट कलाची. त्यामुळे रोमनमध्ये जिथे रेघ जाड होते तिथे आपल्याकडे ती बारीक होऊ शकते. दोन लिप्यांचे फॉन्ट करताना बहुतेक वेळा रोमन अक्षर आधी ठरतं आणि देवनागरीला त्याच्या मापात कोंबलं जातं. इथे उलटं केलंय. रोमन अक्षरांनी देवनागरीच्या लेखणीचा कोन घेतला आहे. पाटीवर दोन्ही लिप्या येणार असतील तर हा मोठा फायदा. खालचं इंग्रजी नाव परकं वाटत नाही, दोन्ही ओळी एकाच पेंटरनं रंगवल्यासारख्या दिसतात.

यात्रा वनची मर्यादा त्याच्या नावातच आहे. ‘वन’ म्हणजे एकच वजन. बारीक नाही, जास्त जाड नाही. दुकानाचं नाव, मेन्यूतले मथळे, पोस्टरची एक ओळ इथपर्यंत तो उत्तम. पत्ता, वेळ, फोन नंबर त्याच्यातच लहान करून टाकलेत तर सगळं अंगावर येतं.

जैनीचं घराणंच वेगळं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी तो केला, आणि त्याचा आधार आहे १५०३ सालची कल्पसूत्राची हस्तलिखित पोथी. कल्पसूत्र हा श्वेतांबर जैनांचा ग्रंथ. त्यात महावीर आणि इतर तीर्थंकरांची चरित्रं आहेत, आणि पर्युषणात त्याचं वाचन होतं. पश्चिम भारतात त्याच्या कितीतरी सचित्र प्रती लिहिल्या गेल्या. पानं सुटी आणि आडवी, एका बाजूला चित्र, उरलेल्या जागेत अक्षर. ते अक्षर चौकोनी, दाट, काळंभोर. पान जवळ धरून, सावकाश, एकेक ओळ वाचायचं, त्यामुळे अक्षरं एकमेकांना खेटून बसली तरी बिघडत नव्हतं. पान डोळ्यांपासून जरा लांब धरलं की ओळींचा विणलेला पट्टा दिसतो.

जैनीत तो पट्टा दिसतो, आणि त्याची ताकद तिथेच आहे. एक शब्द मोठा करून ठेवलात तर कोरलेल्या शिक्क्यासारखा दिसतो. पुस्तकाचं मुखपृष्ठ, प्रदर्शनाचं नाव, लग्नपत्रिकेवरची वधूवरांची नावं, अत्तराच्या किंवा मिठाईच्या खोक्यावरचा एक शब्द, हे त्याचं क्षेत्र. रस्त्याच्या पलीकडून वाचायच्या पाटीला मात्र मी तो घेणार नाही. जवळून देखणा वाटणारा दाटपणा लांबून काळा ठोकळा होतो. त्याच फॉन्टचा ‘जैनी पूर्व’ असा भाऊही आहे. आपला नेमका शब्द दोन्हींत टाइप करून शेजारी ठेवा आणि आजीला वाचायला द्या. ती अडखळली नाही तो घ्या.

मोदक आणि बलू हे दोन्हीही ‘एक टाइप’चेच. मोदक इतका गुबगुबीत आहे की अक्षरांची पोटं नुसत्या चिरा होऊन राहतात. लहान मुलांचं काही असेल किंवा एखादाच गमतीदार शब्द असेल तर छान, तीन शब्दांच्या पुढे नको. बलू जुन्या पाटीची नक्कल करत नाही, पण रंगवलेल्या अक्षराची ऊब त्यात आहे. ‘बलू २’मध्ये पाच वजनं मिळतात आणि गुजराती, कन्नड अशा इतर भारतीय लिप्यांतली भावंडंही आहेत. बेळगाव किंवा वापीसारख्या दोन भाषांच्या गावात दुकान असेल तर हा मुद्दा निर्णायक ठरतो.

बारीक मजकुरासाठी यातला कुठलाच फॉन्ट नको. तिथे ‘टिरो देवनागरी मराठी’ घ्या. जुनं भारतीय साहित्य इंग्रजी अनुवादासह छापणाऱ्या ‘मूर्ती क्लासिकल लायब्ररी’ या ग्रंथमालेसाठी केलेल्या अक्षरांतून तो आला आहे. टिरो देवनागरीत हिंदी, मराठी आणि संस्कृत यांचे वेगवेगळे फॉन्ट आहेत. आपला ल आणि श हिंदीच्या वळणाचे का दिसतात, या जुन्या दुखण्यावर कुणीतरी नीट विचार केलाय हे बघून बरं वाटतं.

निवड पक्की करण्याआधी एक चाचणी जरूर करा. ‘परळच्या शाळेतल्या दुसऱ्या तऱ्हेवाईक ॲडमिनला लाल शाल’ असलं काहीही टाइप करा, अर्थ नसला तरी चालेल. ळ, ल, श, ॲ आणि दुसऱ्यातला ऱ्य नीट आला पाहिजे. स्टेशनच्या पाटीवर हिंदीतलं ‘परेल’ आणि मराठीतलं ‘परळ’ यांत ज्या अक्षराचा फरक आहे, ते अक्षर फॉन्टमध्ये उपऱ्यासारखं दिसत असेल तर मराठी पाटीला तो फॉन्ट नकोच.

आणि पाटीवर फक्त दोन शब्द असतील, गावात पेंटर असेल, तर फॉन्टचा नाद सोडून त्याच्याकडे जा, असं मी मनापासून सांगेन. खडू लावलेली दोरी ताणून फळ्यावर फटकन सोडायची, त्या पांढऱ्या रेघेखाली अक्षरं टांगत जायची, हे एकदा उभं राहून बघा. ‘लीला लॉन्ड्री’ लिहिताना तो तीन ल तीन तऱ्हेनं लिहितो, शेजारच्या अक्षराला जागा देत. फॉन्टमधला ल दर वेळी तोच. मराठी नाटकांची शीर्षकं घडवणाऱ्या कमल शेडगे यांच्या कामातही हेच दिसायचं. प्रत्येक नावासाठी अक्षर नव्यानं जन्माला यायचं.

फॉन्टच वापरणार असाल तर फ्लेक्सवाल्याला फाइल कर्व्ह करून द्या, म्हणजे अक्षरांचं चित्रातल्या रेघांत रूपांतर करून. नाहीतर त्याच्या संगणकात जोडाक्षरं सुटी होतात. माझ्या भाच्याच्या दुकानाच्या पाटीवर ‘मसाल्याचे’ऐवजी ‘मसाल्‌याचे’ छापून आलं, आणि ते लक्षात आलं पाटी वर चढल्यावर. कर्व्ह केल्यावरही छापण्याआधी एकदा मोठ्यानं वाचून घ्या.