बेंचमार्कचा आकडा की रोजच्या वापराचा अनुभव?

लॅपटॉप घेताना बेंचमार्कचे, म्हणजे वेग मोजणाऱ्या ठरावीक चाचण्यांचे, आकडे बघावेत की दुकानात थोडा वेळ चालवून ठरवावं? माझ्या मते दोन्ही हवं, पण वेगवेगळ्या कारणांसाठी.

बेंचमार्कची खरी ताकद तुलनेत आहे. सिनेबेंच आर२३ या प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मल्टीकोअर चाचणीत प्रोसेसरचे सगळे कोअर (एकाच वेळी काम करू शकणारे त्याचे भाग) एकच दृश्य पुन्हा पुन्हा रेंडर करतात, म्हणजे त्याचं चित्र तयार करतात, मूळ सेटिंगला किमान १० मिनिटं. पातळ लॅपटॉप तापला की वेग उतरवतो, ते इथे उघडं पडतं. दुकानात ते कळणारच नाही. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याने हा आकडा बघितल्याशिवाय पैसे मोजूच नयेत.

रोजच्या वापराचं गणित निराळं. साटा एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी, जुन्या पद्धतीच्या जोडणीची ड्राइव्ह) सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, चांगली एनव्हीएमई (जास्त वेगवान जोडणीची एसएसडी) ३,५०० किंवा त्याहून जास्त. कागदावर सहापट! पण विंडोज सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना बराचसा डेटा छोट्या, विखुरलेल्या तुकड्यांत वाचला जातो. तिथे हा फरक जेमतेम जाणवतो. उलट जुनी हार्ड डिस्क काढून साधी साटा एसएसडी टाकली, तर तोच संगणक नवा वाटतो. प्रोसेसरचा स्कोअर मात्र जिथल्या तिथे.

अनुभवाचा एक दोष आहे: नवं मशीन वेगवानच वाटतं. म्हणून एकच जड एक्सेल फाइल जुन्या आणि नव्या दोन्ही मशीनवर घड्याळ लावून उघडा.