चार माणसांच्या ख्रिसमस जेवणासाठी टर्की क्राऊन : एक परीक्षण

ख्रिसमसच्या जेवणात मुख्य पदार्थ कोणता करायचा, हा प्रश्न पंधरा-वीस माणसे जमणाऱ्या घरात जितका सोपा असतो, तितकाच तो तीन-चार माणसांच्या घरात अवघड होऊन बसतो. सणाच्या पाककृती बहुतेक मोठ्या पंगतीसाठी लिहिलेल्या असतात. हाडासकट पक्षी घेताना माणशी ४०० ते ५०० ग्रॅम वजन धरावे, असा सर्वसाधारण हिशेब आहे. म्हणजे चौघांना दोन किलो पुरे. बाजारात मिळणारी अख्खी टर्की मात्र बहुधा चार किलोंच्या पुढेच असते, आणि पाच-सहा किलोंची आणली तर निम्म्याहून अधिक मांस उरते, सबंध दिवस ओव्हन अडून राहतो आणि एवढे करून छातीचे मांस कोरडे पडण्याची धास्ती असतेच. या अडचणीवर उत्तर म्हणून विकल्या जाणाऱ्या टर्की क्राऊनविषयी मी येथे सविस्तर लिहीत आहे. हा खर्च करावा की दुसरे काही शिजवावे, हे ठरवताना प्रत्यक्ष भाजून पाहिलेल्याचा अनुभव उपयोगी पडेल असे मला वाटते.

क्राऊन म्हणजे तंगड्या आणि मांड्या काढून टाकलेली टर्की. छातीच्या दोन्ही बाजू हाडासकट एकत्र ठेवलेल्या असतात, वरची कातडी शाबूत असते आणि काही वेळा पंखांचा वरचा भागही असतो. मी घेतलेला क्राऊन साधारण दोन किलोंचा, गोठवलेला आणि हाडासकट होता. घेताना वेष्टनावरचा मजकूर नीट वाचावा, कारण काही क्राऊनमध्ये कारखान्यातच मिठाचे पाणी टोचलेले असते. तसा क्राऊन भाजताना ओलसर राहतो खरा, पण त्याला पुन्हा वरून मीठ चोळले तर मांस आणि ट्रेमध्ये उतरलेला रस हे दोन्ही खारट होतात. घटकांच्या यादीत फक्त टर्की असलेला क्राऊन मिळाला तर तोच घ्यावा. मीठ किती घालायचे हे मग आपल्या हातात राहते.

या वस्तूची खरी गुणवत्ता तिच्या आकारापेक्षा तिच्यातून जे वगळले आहे त्यात आहे. अख्खी टर्की भाजणे अवघड जाते, कारण तिच्या छातीला आणि तंगडीला लागणारी उष्णता एकसारखी नसते. छातीच्या मांसात चरबी आणि संयोजी ऊतक दोन्ही कमी असतात, त्यामुळे आतील तापमान ७५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागले की त्यातले तंतू आकसून पाणी बाहेर ढकलतात आणि मांस चोथ्यासारखे होते. तंगडी आणि मांडी यांचे गणित याच्या उलट आहे. त्यांच्या संयोजी ऊतकातले कोलॅजेन हे चिवट प्रथिन विरघळून त्याचे जिलेटिन होण्यासाठी ८० अंशांच्या आसपास पोहोचावे लागते आणि तेथे काही काळ राहावेही लागते. एकाच पक्ष्याचे हे दोन भाग एकाच ओव्हनमधून एकाच वेळी नीट बाहेर काढायचे, ही कसरत सवयीच्या हातांनाही कठीण जाते. क्राऊनमध्ये पायच नसल्यामुळे आपल्याला फक्त छातीकडे लक्ष द्यायचे असते आणि ती बरोबर शिजली त्या क्षणी ओव्हन बंद करता येतो. वर्षातून एकदाच टर्की करणाऱ्या घराला हा फायदा फार मोलाचा आहे.

गोठवलेल्या क्राऊनचा बर्फ सुटायला फ्रीजमध्ये दर दोन ते अडीच किलोंमागे साधारण २४ तास लागतात. तरीही एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवणे शहाणपणाचे आहे, कारण आतला भाग बर्फाचाच राहिला तर भाजण्याचा सगळा अंदाज चुकतो. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवून तो वितळवू नये. कच्चे मांस नळाखाली धुऊही नये, कारण उडणाऱ्या थेंबांबरोबर कॅम्पिलोबॅक्टरसारखे जिवाणू ओट्यावर आणि शेजारच्या भाज्यांवर पसरतात. ते मरतात ते उष्णतेने. बर्फ सुटल्यावर मी क्राऊन कोरड्या कागदाने टिपून घेतला, दर किलोला सुमारे १० ग्रॅम मीठ सर्व बाजूंनी चोळले आणि न झाकता रात्रभर फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, खोलगट ताटात ठेवला. मीठ आधी मांसातले पाणी बाहेर खेचते आणि मग त्याच पाण्याबरोबर आत मुरते. शिवाय उघड्यावर कातडी वाळते, त्यामुळे भाजल्यावर ती कुरकुरीत होते. सकाळपर्यंत कातडी चर्मपत्रासारखी ताणलेली आणि जराशी पारदर्शक झाली होती. कातडीखाली बोटे सरकवून मऊ लोणी, लिंबाची किसलेली साल आणि थाइमची पाने भरली आणि वरून तेलाचा हलका हात फिरवला.

ट्रेमध्ये कांद्याच्या जाड चकत्या आणि गाजराचे तुकडे पसरून त्यांवर क्राऊन ठेवला, थोडेसे पाणी घातले आणि ओव्हन १८० अंशांवर ठेवला. पंख्याचा ओव्हन असेल तर १६० पुरेत. दोन किलोंना साधारण पावणेदोन ते दोन तास लागतात, असा अंदाज धरून बाकीचा बेत आखता येतो, पण शेवटचा निर्णय घड्याळावर सोडू नये. टोचून तापमान दाखवणारा साधा डिजिटल थर्मामीटर घरात नसेल तर क्राऊनबरोबरच तो विकत घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. अमेरिकेचे कृषी खाते कोणत्याही पोल्ट्रीसाठी ७४ अंश सेल्सिअस हे किमान तापमान सांगते, तर ब्रिटनची अन्नमानक संस्था ७० अंशांवर सलग दोन मिनिटे हा निकष देते. थर्मामीटरचे टोक छातीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न लागेल असे खुपसावे, कारण टोक हाडाला टेकले तर आकडा मांसाचा राहत नाही. मी ७१ अंशांना क्राऊन बाहेर काढला आणि थर्मामीटर तसाच आत राहू दिला. बाहेरच्या थरातील उष्णता आत सरकत राहते, त्यामुळे ओट्यावर ठेवलेल्या क्राऊनचा आकडा चढत चढत ७४ ओलांडून गेला. तो तसा चढला नाही तर क्राऊन पुन्हा ओव्हनमध्ये घालावा; येथे अंदाजाला जागा नाही. वेष्टनावर छापलेली वेळ मी शेवटपर्यंत पाळली असती, तर मांस नक्कीच सुकले असते.

कापण्याच्या बाबतीत क्राऊनला पूर्ण गुण दिले पाहिजेत. छातीच्या मधल्या उभ्या हाडाला लागून सुरी वरून खाली नेली, मग बरगड्यांच्या वळणाने ती सरकवत नेली की एका बाजूचे सगळे मांस एकसंध सुटून येते. ते पाटावर आडवे ठेवून तंतूंना काटकोनात बोटभर जाडीच्या चकत्या कापल्या की प्रत्येक चकतीला कातडीची किनार मिळते. मानेकडचे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे हाड भाजण्यापूर्वीच सुरीच्या टोकाने काढून टाकले असेल तर सुरी कोठेही अडत नाही. माझ्या क्राऊनचे मांस चकत्या करताना ओलसर आणि फिकट गुलाबीसर पांढरे दिसत होते, हाडाजवळचा भागही पूर्ण शिजलेला होता आणि पाटावर रसाचे थारोळे साचले नाही. चार माणसांनी दोनदा वाढून घेतले आणि दुसऱ्या दिवशीच्या सँडविचपुरते उरले.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. पहिली आणि सर्वांत मोठी ग्रेव्हीची. तंगड्यांतून आणि मांड्यांतून जी चरबी व जो चिकट रस उतरतो तो येथे नसतो, मान आणि काळीज-पेटा यांची पिशवीही बहुधा नसते, त्यामुळे ट्रेमध्ये जे उतरते त्यातून चार माणसांची ग्रेव्ही होत नाही. यावर उपाय असा की कोंबडीचे पंख कांदा-गाजराबरोबर आधीच चांगले खरपूस भाजून, पाण्यात दोन-अडीच तास मंद आचेवर उकळून स्टॉक करावा आणि तो फ्रीझरमध्ये ठेवून द्यावा. सणाच्या दिवशी ट्रेमधला रस त्यात मिसळून पिठाने दाट केला की ग्रेव्ही तयार होते, आणि तिची चव नुसत्या ट्रेमधल्या रसापेक्षा भरदार लागते. हे काम आठवडाभर आधी उरकता येते, पण ते करावे लागते हे ठाऊक असलेले बरे. दुसरी उणीव अशी की घरात तंगडी आवडीने खाणारे कोणी असेल तर त्याच्या ताटात काहीच येत नाही. आणि किलोमागे पाहिले तर क्राऊन अख्ख्या टर्कीपेक्षा महाग पडतो. अर्थात जे मांस शेवटी फेकले जाणार आहे ते स्वस्त मिळून उपयोग काय, असे मला वाटते.

हाड काढून जाळीत गुंडाळलेला छातीचा रोलही मिळतो. तो कापायला आणखी सोपा आहे, पण उष्णता अडवून धरणारे हाड नसल्यामुळे त्याच्या बाहेरचा थर लवकर सुकतो आणि कातडी आत गुंडाळली गेली असेल तर तेवढा भाग लिबलिबीत राहतो. दोघांच्याच जेवणासाठी तो चालेल. बदक चवीला श्रेष्ठ आहे, परंतु सव्वादोन किलोंच्या बदकात हाडे आणि चरबी इतकी असते की दोघे-तिघेच पोटभर जेवतात. हंस तर लहान ओव्हनमध्ये नीट मावतही नाही. डुकराच्या कमरेचा तुकडा किंवा बरगडीसकट गोमांस हे चौघांसाठी बरोबर मापात मिळते. ज्या घरात त्यांना मनाई नाही तेथे हा विचार जरूर करावा.

तरीही क्राऊनचा खरा प्रतिस्पर्धी यांपैकी कोणी नाही. तो आहे दोन किलोंची चांगली वाढलेली कोंबडी. तिच्या छातीत आणि तंगडीत फरक असतोच, पण पक्षी लहान असल्यामुळे तो सांभाळता येतो. दीड तासाच्या आसपास ती भाजून होते, तिची ग्रेव्ही तिच्याच रसात होते, आणि पांढरे व गडद दोन्ही प्रकारचे मांस ताटात येते. कुटुंबात टर्कीचा आग्रह कोणाचाच नसेल तर मी कोंबडीच घ्या असे सांगेन. टर्कीचा वास घरभर दरवळल्याशिवाय ख्रिसमस झाल्यासारखा वाटत नाही असे म्हणणारा एक जरी माणूस घरात असेल, आणि असे म्हणणारे लोक मला मनापासून आवडतात, तर क्राऊन घ्यावा. दोन्हींच्या मधला अख्ख्या टर्कीचा मार्ग चार माणसांनी टाळावा.

एकच ओव्हन असलेल्या घरात क्राऊनचा आणखी एक उपयोग लक्षात येतो. भाजलेला क्राऊन फॉइलखाली अर्धा तास विसावला तरी गरम राहतो, उलट त्याला तेवढा वेळ हवाच असतो. तेवढ्या वेळात ओव्हन २२० अंशांवर चढवून, आधी उकडून कडा खरबरीत केलेले आणि खालच्या कप्प्यात निम्मे भाजून झालेले बटाटे सोनेरी करून घेता येतात. ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे कोबीच्या जातीचे इवले गड्डे, त्याच वेळी कढईत मोठ्या आचेवर परतावेत. उकडून त्यांचा उग्र वास सुटू देऊ नये. क्रॅनबेरी सॉस चार दिवस आधी करून ठेवला तरी बिघडत नाही. एवढे तीन पदार्थ आणि ग्रेव्ही हे चौघांना भरपूर होते. पाचवा आणि सहावा पदार्थ बहुधा ताटाच्या कडेला तसाच राहतो. घरात शाकाहारी व्यक्ती असेल तर तिच्यासाठी मशरूम आणि चेस्टनटचा ‘पाय’ (पिठाच्या पारीत सारण भरून ओव्हनमध्ये भाजायचा पदार्थ) आदल्या दिवशी भरून ठेवावा आणि बटाट्यांबरोबर भाजावा. बटाटे मात्र तेलातच करावेत, प्राण्याच्या चरबीत नव्हे, आणि तिची ग्रेव्ही वेगळ्या भांड्यात भाजीच्या स्टॉकची असावी, म्हणजे तिला नुसत्या उरल्यासुरल्या भाज्यांवर जेवण उरकावे लागत नाही.

जेवण आटोपल्यावर उरलेले मांस हाडावरून काढून, दोन तासांच्या आत उथळ डब्यात फ्रीजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे. थोडी ग्रेव्ही वर ओतून ठेवली तर ते फ्रीझरमध्येही सुकत नाही. क्राऊनचा सांगाडा लहान असल्यामुळे नेहमीच्या पातेल्यात सहज मावतो, आणि एक कांदा, सेलरीची काडी व मिरीदाणे घालून दोन तास उकळला की चौघांच्या सूपला पुरेल इतका स्टॉक त्यातून निघतो.