नकोशा देणगीदाराचा माग: अमेरिकी निवडणूक आयोगाचा देणगी-शोध किती कामाचा?

अमेरिकेत अध्यक्षपद, सिनेट किंवा प्रतिनिधिगृहाच्या उमेदवाराला कोणी किती देणगी दिली, हे फेडरल इलेक्शन कमिशनच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य शोधता येतं. पत्रकार ते सर्रास वापरतात. प्रचार कार्यालयांनी ते त्यांच्या आधी वापरायला हवं, विशेषतः वर्णवर्चस्ववादी आणि तशाच टोकाच्या मंडळींचे पैसे आपल्या खात्यात आलेत का, हे तपासण्यासाठी. हे परीक्षण त्या एका कामापुरतंच आहे.

जून २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये ९ कृष्णवर्णीयांची हत्या झाली. मारेकऱ्याच्या जाहीरनाम्यात कौन्सिल ऑफ कन्झर्व्हेटिव्ह सिटिझन्स या वर्णवर्चस्ववादी संघटनेचा उल्लेख होता. तिच्या अध्यक्षाचं नाव आयोगाच्या नोंदींत शोधल्यावर अनेक रिपब्लिकन उमेदवारांना त्याने दिलेल्या देणग्या उघड झाल्या. टेड क्रूझ यांनी ८,५०० डॉलर परत करण्याचं जाहीर केलं. रँड पॉल आणि रिक सँटोरम यांनी पैसे पीडितांच्या निधीकडे वळवले. त्या नोंदी आधीपासून सगळ्यांसमोर होत्या, शोधायला कोणी बसलं नव्हतं.

शोधपान वापरायला सोपं आहे: नाव, शहर, पिनकोड, नोकरीचं ठिकाण, व्यवसाय, रक्कम, तारीख. पण नुसतं नाव टाकून थांबू नका. देणगीदाराला कायमचा क्रमांक नसतो, त्यामुळे विल्यमचा कुठे बिल होतो, मधलं अक्षर गळतं, ‘ज्युनियर’ राहून जातं. आधी आडनाव आणि पिनकोड, मग आडनाव आणि व्यवसाय, शेवटी नोकरीच्या रकान्यात संघटनेचं नाव, असा क्रम लावा. शेवटच्या पायरीवर फार विसंबू नका. तो रकाना देणगीदार स्वतः सांगेल तसा भरला जातो, आणि संघटनेचा म्होरक्या ‘स्वयंरोजगार’ किंवा ‘निवृत्त’ असं लिहून मोकळा होतो. माहिती दोन-दोन वर्षांच्या कालखंडांत विभागलेली आहे. जुने कालखंडही निवडायला विसरू नका.

मोठी उणीव २०० डॉलरच्या मर्यादेची. एकूण देणगी त्यापुढे गेली तरच प्रचाराच्या अहवालात नाव येणं बंधनकारक आहे, म्हणजे १०० डॉलरचा धनादेश इथे दिसणारच नाही असं समजा. ॲक्टब्लू (डेमोक्रॅट) किंवा विनरेड (रिपब्लिकन) या ऑनलाइन देणगी गोळा करणाऱ्या संस्थांमार्फत आलेले पैसे मात्र वेगळे. या संस्था मध्यस्थ म्हणून छोटी रक्कमही नावानिशी नोंदवतात, तेव्हा त्यांच्या अहवालांतही शोध घ्या. फक्त, एकच देणगी मध्यस्थाकडे आणि प्रचाराकडे अशी दोनदा दिसू शकते. डोळे मिटून बेरीज केलीत तर आकडा फुगतो.

आपल्याच देणगीदारांची यादी इथे पाहण्यात अर्थ नाही. तुम्ही कळवलेलंच तुम्हाला परत दिसेल, तेही उशिरा. खरा उपयोग उलट्या बाजूने होतो. टोकाच्या गटाची आयोगाकडे नोंदलेली राजकीय समिती असेल तर तिचं पान उघडा, देणगीदारांची यादी उतरवून घ्या आणि आपल्या यादीशी जुळवा. यादी मोठी असेल तर आयोगाचा एपीआय, म्हणजे संगणक प्रोग्रामने थेट नोंदी मागवण्याची सोय, वापरा: मोफत चावी घेतली की तासाला १,००० विनंत्या, दर विनंतीला जास्तीत जास्त १०० नोंदी. खजिनदाराला देणगी मिळाल्यापासून १० दिवसांत ती बँकेत भरावी लागते. ही जुळवणी त्या १० दिवसांत झाली, तर पैसे खात्यात शिरण्याआधीच परत जातात.

दोन सावधगिऱ्या. या नोंदींतली नावं देणगी मागायला किंवा व्यापारी कामाला वापरणं कायद्याने मना आहे, म्हणून उतरवलेली यादी निधी गोळा करणाऱ्यांच्या हाती जाऊ देऊ नका. आणि असा गैरवापर पकडता यावा म्हणून समित्यांना एका अहवालात १० पर्यंत बनावट नावं घालण्याची मुभा आहे. एक जुळणी म्हणजे पुरावा नव्हे. पत्ता पडताळल्याशिवाय कोणावर शिक्का मारू नका.

परताव्याच्या बाबतीत हे संकेतस्थळ सर्वांत कमी पडतं. परत केलेली रक्कम खर्चाच्या परिशिष्टात जाते, मूळ देणगीशेजारी नाही. घाईत शोधणाऱ्याला पैसे आले एवढंच दिसतं. धर्मादाय संस्थेला दिले तर देणगीदाराच्या नावे परतावाच नोंदला जात नाही. म्हणून परतीच्या धनादेशाची प्रत आणि तारीख हाताशी ठेवा. रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीतल्या रॉन पॉल यांच्या प्रचाराने २००७ मध्ये स्टॉर्मफ्रंट या वर्णवर्चस्ववादी संकेतस्थळाच्या संस्थापकाचे ५०० डॉलर ठेवून घेतले. वाईट माणसाचे पैसे चांगल्या कामी लागतील, हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. ५०० डॉलरमध्ये पत्रकं किती छापून होतील आणि खुलासे किती दिवस करावे लागतील, याचा हिशेब करून पाहा.

पैशाबाहेरचा पाठिंबा इथे जेमतेम सापडतो. जानेवारी २०१६ मध्ये आयोवात एका श्वेत राष्ट्रवादी गटाने ट्रम्प यांच्यासाठी ध्वनिमुद्रित फोन केले. उमेदवाराला न विचारता केलेल्या अशा परस्पर खर्चासाठी संकेतस्थळावर वेगळा विभाग आहे: १०,००० डॉलरपासून ४८ तासांत, शेवटच्या २० दिवसांत १,००० डॉलरपासून २४ तासांत अहवाल द्यावा लागतो. मतदान जवळ आलं की तो विभाग रोज सकाळी उघडा. आपल्या उमेदवारासाठी अशा गटाने खर्च केलेला दिसला तर जाहीर निवेदनानेच हात झटका. त्या गटाशी आतून बोलणी केलीत तर संगनमताचा संशय अंगाशी येतो.

त्याच गटाच्या म्होरक्याची २५० डॉलरची देणगी ट्रम्प यांच्या प्रचाराने परत केली होती. तरीही मे २०१६ मध्ये त्याचं नाव पक्षाच्या अधिवेशनासाठीच्या ट्रम्प यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रतिनिधींच्या यादीत आढळलं, आणि प्रचाराने विदासंचातली चूक असं कारण दिलं. आयोगाच्या नोंदींतून हे टळलं नसतं. ज्यांच्या देणग्या नाकारल्या त्यांची खजिनदाराकडची नावं प्रतिनिधी निवडणाऱ्यांकडे, सभेचं व्यासपीठ सांभाळणाऱ्यांकडे आणि स्वयंसेवक भरती करणाऱ्यांकडेही गेली पाहिजेत, आणि दर अहवालानंतर त्यांना नवी प्रत मिळाली पाहिजे.