नृत्यताल-खेळांचे चाहत्यांनी जपलेले गाण्यांचे संग्रह : काही महिन्यांच्या वापरानंतर

बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दिवाळीपासून स्टेपमॅनिया हा मुक्तस्रोत खेळ (गाण्याच्या तालावर पडद्यावर बाण येतील तशी पायाखालच्या पॅडवर पावले टाकायची) आणि त्यासाठी चाहत्यांनी जुळवलेले गाण्यांचे पॅक नियमित वापरात आहेत. कोनामी या जपानी कंपनीने १९९८ साली आणलेल्या ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ या अशाच यंत्रावरच्या खेळाच्या पुढच्या आवृत्त्यांतून अनेक जुनी गाणी वगळली गेली, त्यामुळे जुने यंत्र भंगारात निघाले की त्यांवरची पावले खेळायला जागाच उरत नाही. ही उणीव हे संग्रह भरून काढतात.

मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांतली एसएम फाइल, म्हणजे गाण्यावरच्या पावलांची नोंद. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते. आरंभी गाण्याचे नाव, बीपीएम (मिनिटाला किती ठोके) आणि ऑफसेट (ध्वनी आणि पावले जुळवण्यासाठीचे वेळेचे अंतर) असतो आणि त्याखाली चार-चार अंकांच्या ओळी असतात. डावा, खालचा, वरचा, उजवा असा बाणांचा क्रम असल्याने ‘०१००’ म्हणजे खालच्या बाणावर एक पाऊल. २ ने दाबून धरायचे आणि ३ ने सोडायचे. उद्या हा खेळ बंद पडला तरी ही नोंद कोणालाही वाचता येईल.

सिंकच्या, म्हणजे ध्वनी आणि पावलांच्या वेळा जुळण्याच्या, बाबतीत मात्र सर्व पॅक सारखे नाहीत. २००४ सालच्या ‘इन द ग्रूव्ह’ या नृत्यताल-खेळाच्या परंपरेतल्या फाइलींत ९ मिलिसेकंदांचा फरक गृहीत धरलेला असतो, इतर फाइलींत तो नसतो. तो नमूद न करता दोन्ही पद्धतींची गाणी एकत्र ठेवली, तर चांगल्या खेळाडूचे गुण विनाकारण घसरतात. गरब्यात तयार झालेल्या माझ्या मुलीला अशी गाणी लागोपाठ आली की लगेच खटकते. आपल्या टीव्हीमुळे होणारा उशीर खेळाच्या सेटिंगमध्येच दुरुस्त करावा, गाण्याच्या फाइलला हात लावू नये. नाहीतर मूळ नोंदच बिघडते. याच कारणासाठी, न सांगता पावले ‘सुधारून’ ठेवणारा एक पॅक मी काढून टाकला. जतन करायचे तर मूळ चार्टमधली (पावलांच्या मांडणीतली) अवघड, बेढब वळणेही तशीच राहिली पाहिजेत.

गाण्यांचे हक्क संगीत कंपन्यांचे असल्याने पावलांची फाइल वेगळी देऊन ध्वनी ज्याचा त्याने आणावा, असे सांगणारे पॅक मला अधिक पटतात. फक्त त्यांनी ध्वनीची नेमकी कोणती प्रत धरली आहे हे लिहायला हवे, कारण एकाच गाण्याच्या दोन प्रतींत सुरुवातीची शांतता कमी-जास्त असली की सगळा ऑफसेट चुकतो.