कठडा वाजतोय: तेल, ट्यूब की बुश?

लहान मुलाची लोखंडी कॉट वाजते म्हणून तेलाची बाटली शोधायला निघालेल्या माणसाने आधी एक रात्र थांबावं आणि नक्की काय वाजतं ते ऐकावं. मी थांबलो नाही. म्हणून जे काम चार दिवसांत झालं असतं त्याला चार महिने लागले.

आमची कॉट नवी नाही. आत्याकडे दोन मुलं तिच्यात वाढली, मग ती माळ्यावर गेली आणि आमची पोरगी झाली तेव्हा टेम्पोतून पुण्याला आली. पाऊण इंची पाइपची चौकट, एका बाजूचा कठडा दोन उभ्या सळ्यांवर वर-खाली सरकणारा, वर दोन्ही टोकांना स्प्रिंगच्या खिट्ट्या. सळई दहा मिलिमीटरची. कठड्याला चार कोपऱ्यांत पट्टीचे चार कान, त्यांच्या भोकांतून सळ्या जातात. भोकं मुळात साडेदहाची असावीत, पण घासून घासून जवळजवळ तेराची झालेली, आणि तीही गोल नव्हेत, अंड्यासारखी. मोठ्या भावाच्या चपलेत धाकट्याचा पाय असावा तसा तो कठडा सळ्यांवर खेळायचा.

आवाज चार. कठडा सरकवताना करकर. पोरगी कुशीवर वळली की खडखड. हातातून सुटला की खाली धाड. आणि वर नेऊन सोडला की खिट्टीचा खट्. पहिले तीन नको असतात. चौथ्याबद्दल मी तेव्हा विचारच केला नव्हता, आणि पुढचं सगळं त्या चौथ्याभोवतीच फिरलं.

तेलाचं आधी उरकून घेतो. आईने पहिल्याच दिवशी फर्मावलं, "अरे, दोन थेंब तेल सोड, किती विचार करतोस!" शिलाई मशीनचं तेल घातलं. करकर तिथल्या तिथे थांबली. खडखड जशीच्या तशी, कारण ती सळई कोरडी असल्यामुळे नव्हतीच, ती ढिलेपणामुळे होती. जवळजवळ तीन मिलिमीटरची फट तेलाच्या थराने भरून निघत नाही. वर आठवड्याभरात सळईवर धूळ बसून काळा लेप तयार झाला आणि पोरीच्या झबल्यांच्या बाह्यांवर काळे पट्टे दिसायला लागले. ती तेव्हा सात महिन्यांची होती, म्हणजे समोर येईल त्याला हिरड्या लावण्याचं वय. ग्रीसचा विचार मी तिथेच सोडला. खोबरेल तोंडात गेलं तरी चिंता नाही म्हणून तेही लावून पाहिलं, पण डिसेंबरातल्या पुण्यात रात्री खोबरेल बाटलीत गोठतं, ते सळईवर का गोठणार नाही? पहाटे तीनला कठडा आणखी जड.

या गटातलं सगळ्यात बरं निघालं ते मेण. साधी पांढरी मेणबत्ती कोरड्या सळईवर खालपासून वरपर्यंत घासायची आणि फडक्याने पुसून घ्यायची. लाकडी ड्रॉवर अडकायला लागले की सुतार करतात तेच. धूळ कमी धरते, डाग पडत नाहीत, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा घासावं लागतं. तुमच्या कॉटची भोकं झिजलेली नसतील आणि फक्त करकर होत असेल, तर माझ्या मते पुढचं वाचायचीही गरज नाही. मेणबत्ती घासा आणि झोपा.

जुन्या कॉटच्या रंगाबद्दल मात्र एक सांगून ठेवतो, कारण आवाजाच्या नादात ते राहून जातं. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारा नियम २०१६ चा, आणि तो लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या कॉटला काय फासलेलं असेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. कान सळईवर घासतो तिथून रंगाची भुकटी पडते, ती खाली गादीवरच. ती ओल्या फडक्याने टिपा. कोरडा पॉलिश पेपर मारून घरभर उडवू नका.

आता ट्यूब. सायकलची जुनी ट्यूब कापून तिच्या पट्ट्या कानांच्या भोकांत बसवायच्या, हा उपाय शेजारच्या काकांनी सुचवला. खर्च शून्य, वेळ अर्धा तास. खरं सांगायचं तर त्या रात्री मला वाटलं, प्रश्न सुटला. खडखड गेली, करकर गेली, धाड तर होणंच शक्य नव्हतं, कारण कठडा सोडला तरी जागच्या जागी थांबायचा. घरात इतकी शांतता की आई दोनदा उठून बघून गेली, पोर ठीक आहे ना म्हणून.

पहिली कुरबूर किरकोळ होती. रबर सळईला धरून ठेवतं. एका खांद्यावर झोपलेलं मूल आणि दुसऱ्या हाताने कठडा उचलायचा, म्हणजे तो एकाच टोकाने वर येतो, तिरका होतो आणि आडून बसतो. मग गुडघ्याने दुसरं टोक ढकला. तेही चाललं असतं.

दुसरी गोष्ट कळायला मात्र तीन आठवडे गेले. या कॉटमध्ये कठडा खिट्टीच्या थोडा वर न्यायचा असतो, मग खिट्टी स्प्रिंगने बाहेर येते आणि कठडा स्वतःच्या वजनाने तिच्यावर बसतो. तोच तो खट्. रबर बसवल्यावर कठडा वजनाने बसेनासा झाला. जिथे सोडला तिथेच राहायचा, खाली खिट्टी असो वा नसो. दिसायला वर आहे, हलवून पाहिलं तरी घट्ट आहे, पण त्याला धरून ठेवलंय रबराने, खिट्टी आतच. एका सकाळी पोरगी कठडा धरून उठायचा प्रयत्न करत होती. तिच्या वजनाने तो एका बाजूने हळूहळू, अजिबात आवाज न करता, वीतभर खाली उतरला. आई शेजारीच मेथी निवडत बसली होती, तिने हात घातला. काही झालं नाही. मी संध्याकाळी घरी आलो आणि जेवायच्या आधी चारही पट्ट्या ओरबाडून काढल्या.

काकांचा यात दोष नाही, त्यांचा उपाय त्यांनी सांगितलेल्या कामापुरता बरोबर होता. चूक माझी, की मला सगळेच आवाज सारखे वाटले. सरकणाऱ्या कठड्याच्या बाबतीत आता माझी एकच कसोटी आहे. खिट्टी लागली नसेल तर कठडा खाली पडायलाच हवा, लगेच आणि आवाज करून. जो उपाय ही सवय मोडतो तो कितीही शांत असो, मला नको. नळाला गुंडाळायची टेफ्लॉन टेप सळईवर गुंडाळली तर तीही चार दिवसांत गोळा होऊन कठडा धरते, शिवाय तिचे पांढरे धागे सुटून मुलाच्या हाती लागतात. वायरमन वापरतात ती गरम केल्यावर आक्रसणारी नळीही लावून पाहिली. कानाच्या धारेने ती आठवड्यात चिरली.

राहिला बुश, म्हणजे कानाच्या भोकात बसवायची छोटी नळी, जिच्यातून सळई सरकते. माझा कल तुम्हाला एव्हाना कळला असेल, तरी त्याच्या कटकटी आधी सांगतो. घरी होत नाही. कठडा पूर्ण सुटा करून न्यावा लागतो आणि तोवर मूल आपल्या कुशीत. पुण्यात नऱ्हे-धायरीच्या पट्ट्यात लेथची, म्हणजे धातू फिरवून कातणाऱ्या यंत्राची, छोटी वर्कशॉप पुष्कळ, पण तिथे एका वेळी दोनशे-पाचशे नग चालतात, चार बुशांसाठी मशीन थांबवायला कुणी उत्सुक नसतं. तिसऱ्या ठिकाणी एक टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे कारागीर, भेटले. त्यांनी विचारलं, "कशाचे हवेत? पितळ, नायलॉन की डेलरिन?" डेलरिन म्हणजे एक कडक, गुळगुळीत प्लास्टिक. मी पितळ म्हणणार होतो. ते म्हणाले, "पितळेचा घेतलात तर आज गप्प बसेल, झिजला की पुन्हा वाजेल. लोखंडावर लोखंड काय नि पितळ काय, धातूच तो."

नायलॉन सगळीकडे मिळतं आणि स्वस्तही पडतं. पण ताई चिपळूणला असते आणि तिच्या कॉटला तिने आधीच नायलॉनचे बुश बसवून घेतले होते, तो अनुभव माझ्यासमोर होता. मे महिन्यात तिचा कठडा लोण्यासारखा सरकत होता. श्रावणात अडकला. नायलॉन हवेतला ओलावा पिऊन फुगतं. पाण्यात बराच काळ बुडवून ठेवलं तर वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत पाणी घेतं, डेलरिन त्या मानाने एखाद टक्का. बुशला बाहेरून लोखंडी कानाने आवळलेलं असतं, म्हणून तो आतल्या बाजूला फुगतो आणि सळई पकडतो. म्हणजे फिरून ट्यूबच्याच जागी, फक्त पैसे देऊन. पुण्यासारख्या कोरड्या हवेत नायलॉन चालून जाईलही, पण मी पैज लावणार नाही. कोकणात किंवा मुंबईत असाल तर डेलरिनच घ्या, किंवा नायलॉनला भोक जरा सैल ठेवायला सांगा.

टर्नरकाकांनी कानांची अंडाकृती भोकं आधी गोल करून घेतली. बुश डेलरिनचा, आतलं भोक दहा पूर्णांक तीन, लांबी वीस मिलिमीटर, एका टोकाला कॉलर आणि दुसरीकडून सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी), म्हणजे निसटून गादीवर पडायचा नाही. लांबीचं महत्त्व मला तिथेच समजलं. मूळ कान तीन मिलिमीटर जाडीची पट्टी. कठडा जरा तिरका झाला की पट्टीची धार सळईत रुतते. करकर होते ती त्यामुळे आणि आडतो तोही त्यामुळे. वीस मिलिमीटरचा बुश सळईला लांबवर टेकतो, रुतायला धारच राहत नाही. चार बुश आणि मजुरी मिळून पाचशेच्या आत भागलं. तेल, मेण, स्प्रे आणि टेप यांवर मी तोवर साधारण तेवढेच घालवले होते.

बसवल्यावर करकर नाही, खडखड कान लावून ऐकली तर आहे, नाहीतर नाही. एका हाताने कठडा वर जातो. आणि खट् परत आला, आधीपेक्षाही स्वच्छ, कारण कठडा आता सरळ येऊन खिट्टीवर बसतो. धाड मात्र वाढली, कारण तो मोकळा पडतो. त्यावर बोहरी आळीतून नळाचे जाड वायसर आणले आणि दोन्ही सळ्यांच्या बुडाशी ओवले. रबर वाईट नव्हतंच, त्याची जागा तळाशी होती, वर कानात नव्हे.

चौथा पर्याय आहे आणि तो मी टाळत होतो हे कबूल करतो: कठडा वर नेऊन बोल्टने कायमचा बांधून टाकायचा. न सरकणारा कठडा वाजत नाही. अमेरिकेत २८ जून २०११ पासून खाली सरकणाऱ्या कठड्याच्या कॉट बनवायला आणि विकायलाच बंदी आहे. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २००० नंतर असे कठडे निसटल्याने किमान ३२ बाळांचा जीव गेल्याची नोंद केली होती. कठड्याचं एक टोक सुटतं, गादी आणि कठडा यांच्यात फट पडते आणि बाळ तिच्यात अडकतं. वापरातल्या कॉटसाठी काही कंपन्यांनी कठडा जखडून ठेवणारी किटही दिली. त्या कॉटमध्ये बरंचसं प्लास्टिकचं हार्डवेअर तुटायचं आणि आमची लोखंडी आहे, असं मी स्वतःला समजावलं खरं, पण ढिल्या कठड्याची फट लोखंडाची असली तरी फटच. गादी आणि कठडा यांच्यात दोन बोटांपेक्षा जास्त जागा राहत असेल, तर आवाजाचा विषय बाजूला ठेवा. सळई वाकलेली असेल, खिट्टीचं टोक झिजून गोल झालं असेल, तरीही बुशवर पैसे घालू नका, सरळ बोल्ट मारा. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज न सुटणारा) वापरा, साधा नट कॉटच्या हलण्याने सुटतो, आणि सुटलेला नट कुठे जाईल हे सांगायला नको.

ताईने शेवटी तेच केलं. ती उंच आहे, कठड्यावरून वाकून बाळाला निजवणं तिला जमतं. माझी बायको पाच फुटांच्या आत आहे, सिझेरियननंतर वाकणं तिला अजून जड जायचं आणि आईची कंबर जुनी. आमच्याकडे कठडा खाली येणं ही चैन नव्हती. तुमच्या घरी कुणाची उंची किती, पाठ कुणाची धरते, यावर तुमचा हिशोब माझ्यापेक्षा वेगळा निघू शकतो. पण कठडा सरकता ठेवायचाच असेल, तर मी दुसऱ्यांदाही धायरीलाच जाईन.

पोरगी उभी राहायला लागल्यावर आम्हीही बोल्ट मारले. तोवरचे दिवस कॉटने बुशवर काढले. ट्यूबच्या त्या सकाळनंतर मी रात्री तिला ठेवून आलो की आतल्या खोलीतून आईचा आवाज यायचा, "लागली का रे खिट्टी?" बुश बसल्यावर आठवड्याभरात तिने विचारणं सोडलं. तिला तिथूनच ऐकू यायचं.