एमिली विल्सन यांची ‘ओडिसी’: आठवी ते दहावीच्या मुलांसाठी घ्यावी का?

ग्रीक पुराणकथा आणि ‘वीर कोणाला म्हणायचं’ हा विषय तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना शिकवायचा, तर कथासारांच्या पुस्तकांवर भागत नाही. त्यांत वीरांचे गुन्हे घासून गुळगुळीत केलेले असतात. मूळ काव्याचं एखादं पूर्ण भाषांतर लागतंच. अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांत नववीला ‘ओडिसी’ असते, म्हणजे ट्रॉयच्या युद्धानंतर घरी परतणाऱ्या ओडिसियसची गोष्ट सांगणारं होमरचं ग्रीक महाकाव्य. तिथल्या मराठी पालकांना कोणती प्रत घ्यावी हा प्रश्न हमखास पडतो. नॉर्टन प्रकाशनानं २०१७ मध्ये काढलेलं एमिली विल्सन यांचं इंग्रजी भाषांतर घ्यावं, पण त्यासोबत थोडी तयारी करावी, असं आमचं मत आहे.

मोठी जमेची बाजू म्हणजे ते मोठ्यानं वाचता येतं. मूळ काव्याइतक्याच, म्हणजे बारा हजारांवर ओळी. प्रत्येक ओळ साधारण दहा अक्षरांची आणि लयबद्ध. नववा सर्ग ५६६ ओळींचा आहे. मुलांनी आळीपाळीनं वाचला तर तो चाळीसेक मिनिटांत, म्हणजे एका तासिकेत बसतो. ‘घरून वाचून या’ म्हटलं की मात्र निम्मा वर्ग इंटरनेटवरचा सारांश वाचून येतो.

ओळी तेवढ्याच आणि इंग्रजी ओळ ग्रीक ओळीपेक्षा आखूड, म्हणजे काटछाट आलीच. ठरलेली विशेषणं विल्सन मुद्दाम बदलत राहतात. मूळ काव्यात गुलाबी बोटांची उषा त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा उगवते. इथे ती दर वेळी नव्या शब्दांत येते. वाचायला छान वाटतं, पण हे काव्य तोंडी रचलं आणि गायलं जात होतं याची खूणच पुसली जाते. उपाय सोपा आहे. रिचमंड लॅटिमोर यांच्या भाषांतरातल्या पहाटेच्या चार-पाच जागा एका कागदावर उतरवून मुलांना द्याव्यात.

दुसरी अडचण शीर्षकांची. विल्सन प्रत्येक सर्गाला स्वतःचं शीर्षक देतात. नवव्याचं साधारण असं आहे: ‘धनगराच्या गुहेतला समुद्री चाचा’. एकाक्ष राक्षस पॉलिफीमसची गोष्ट सुरू होण्याआधीच ओडिसियसवर निकाल लागला! शीर्षकावर कागद चिकटवून सर्ग वाचावा, मग कागद काढून ते रास्त आहे का, हे विचारावं.

पण वर्ग खरा तापतो तो मेलेल्यांचा हिशेब मांडला की. फळ्यावर दोन रकाने करा: किती गेले, कोणामुळे. ट्रॉयहून बारा जहाजं निघाली. किकोनांच्या गावावर धाड घातल्यावर ओडिसियस लगेच निघा म्हणतो, माणसं पीत बसतात. जहाजामागे सहा याप्रमाणे बहात्तर जण जातात. हा दोष माणसांचा. पॉलिफीमसच्या गुहेत उलटं होतं: माणसं म्हणतात चीज उचलून पळू या, ओडिसियस ऐकत नाही, सहा जण खाल्ले जातात. दहाव्या सर्गात लेस्ट्रिगोनी राक्षस बंदरात शिरलेली अकरा जहाजं फोडतात. ओडिसियसनं स्वतःचं तेवढं बाहेर बांधलेलं असतं. बाराव्यात स्किला ही राक्षसी सहा जणांना उचलते, आणि तिच्याबद्दल त्यानं त्यांना आधी सांगितलेलं नसतं. सूर्याची गुरं खाऊन मरतात ते फक्त उरलेल्या एका जहाजावरचे. आता पहिल्या सर्गाची सुरुवात पुन्हा काढा. तिथे कवी म्हणतो की सोबती स्वतःच्याच मूर्खपणानं, सूर्याची गुरं खाल्ल्यानं मेले. आकडे जुळत नाहीत, हे कोणी न सांगता मुलांच्या लक्षात येतं.

‘ओडिसियस चांगला की वाईट’ असा हात वर करायचा प्रश्न टाळा. वर्ग दोन तटांत विभागतो आणि पाच मिनिटांत सगळं थंड. मुलं सुपरहिरोंच्या सिनेमांवर वाढलेली असतात. वीर म्हणजे सज्जन, हे त्यांनी धरलेलंच असतं. ग्रीकांचं तसं नव्हतं. ग्रीक प्रवासवर्णनकार पाउसेनियस क्लिओमेडीस नावाच्या मुष्टियोद्ध्याची हकिकत देतो: त्यानं शाळेचा खांब उपटला, छप्पर साठेक मुलांवर कोसळलं, तरी डेल्फीच्या देवळातल्या कौलानं त्याला वीर ठरवून पूजा लावून दिली. गावाबाहेरच्या वीरगळाला शेंदूर लावताना तो माणूस स्वभावानं कसा होता हे आपण तरी कुठे विचारतो? क्लिओमेडीसची गोष्ट अर्थातच ‘ओडिसी’तली नाही, शिक्षकानंच सांगायची.

कल्पना बदलत गेली हे दाखवायला अकराव्या सर्गापासून सुरुवात करावी. कीर्तीसाठी अल्पायुष्य पत्करणारा अकिलीज पाताळात म्हणतो, मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा गरिबाच्या शेतावर मजुरी परवडली. पुढे सोफोक्लीसच्या ‘फिलोक्टेटीस’ या नाटकात (इ.स.पू. ४०९) हाच ओडिसियस अकिलीजच्या पोरसवदा मुलाला, निओप्टोलेमसला, खोटं बोलायला लावतो. इटालियन कवी दांते त्याला नरकात टाकतो, आणि इंग्रज कवी टेनिसनच्या १८४२ साली छापलेल्या सत्तर ओळींच्या कवितेत तो पुन्हा रुबाबदार होतो. हे तीन उतारे दोन तासिकांत होतात.

बाविसाव्या सर्गाला विल्सन यांची प्रत विशेष कामाची. ओडिसियसच्या बायकोला मागणी घालत घरात ठाण मांडलेल्या पुरुषांशी संबंध ठेवले म्हणून त्याचा मुलगा टेलेमाकस घरातल्या ज्या बारा जणींना फासावर चढवतो त्यांना जुनी भाषांतरं ‘मोलकरणी’ म्हणत. इथे त्या सरळ गुलाम आहेत. मग त्यांना ‘नाही’ म्हणायची सोय होती का, हा प्रश्न वर्गातूनच येतो.

सुमारे ऐंशी पानांची प्रस्तावना उत्तम आहे, पण ती शिक्षकांसाठी. मुलांना देऊ नये. वेळ कमी असेल तर १, ९, १०, ११, १२, २२ आणि २३ हे सर्ग पुरेत. आठवीच्या वर्गात मात्र बाविसाव्यातल्या, फाशीनंतर लगेच येणाऱ्या मेलँथियस या गुराख्याच्या हालांच्या चार-पाच ओळी आणि आठव्यातलं एरीस-ॲफ्रोडायटी या देवतांच्या चोरट्या प्रेमाचं गाणं आधी स्वतः वाचून घ्या, मग ठरवा.